ठेंगण्या छपराखालचा खांब

मी एक खांब आहे आणि बोलतोय. नवल वाटत असेल तर वाटू द्या. माझ्या पायाशी बसून जे बोलणं चालायचं, ते याहून नवलाचं होतं.

बांदियागाराच्या कड्याखाली आमचं डोगोन लोकांचं गाव. तिथल्या पुरुषांच्या चावडीचं छप्पर आम्ही आठ खांब पेलून धरतो. एका म्हाताऱ्या लोहाराने मला कोरलं आणि माझ्या छातीवर दोन स्तन काढले. बाईचा केवढा हा मान! आणि बाईला मात्र चावडीत पाऊल टाकायची बंदी. तेव्हाच मी ओळखलं, कसल्या लोकांत येऊन पडलोय ते.

छप्पर मुद्दाम ठेंगणं. वर बाजरीच्या ताटांचा हा एवढा ढीग, पण खाली माणसाला ताठ उभं राहता येत नाही. भांडता भांडता कुणी तावातावाने उठला की टाळकं आपटलंच. आणि ज्याचं आपटलं, त्याने राग उतरेपर्यंत खाली बसून राहायचं, बाहेर पडायचं नाही, असा आमच्या म्हाताऱ्यांचा दंडक. मोठे शहाणे! डोक्यात अक्कल टिकत नाही म्हणून छपरात नेऊन ठेवली.

अशा गावात एका वर्षी एक गोरा डॉक्टर आला. आमची भाषा शिकून आलेला, पण ना सुई, ना गोळी. म्हणे, माणसाच्या मनात काय दडलंय ते ऐकायचंय.

"माझे गुडघे दुखतात, त्याचं काय?" म्हाताऱ्या अकुंजोने विचारलं. चावडीत सगळ्यांत वडीलधारा तो.

"ते माझं काम नाही, बाबा."

"मग डॉक्टर कसला रे तू, रिकामटेकड्या?" अकुंजो बोळकं पसरून हसला, आणि सगळे हसले. डॉक्टरही हसला. दुसरं करणार काय?

डॉक्टरला बोलायला माणूस मिळाला अपोमी. परदेशात, कुमासीच्या बाजारात, ओझी वाहून आलेला, शब्द अडला तर गोऱ्यांची भाषाही येणारा. रोज सकाळी माझ्या अंगाला पाठ टेकून बसायचा. समोर दगडावर डॉक्टर.

"काल स्वप्नात काय आलं?"

"शेळी."

"शेळी म्हटल्यावर काय आठवतं?"

"भूक."

डॉक्टर गंभीरपणे मान डोलवायचा. मला तर उखडून घ्यावंसं वाटायचं स्वतःला!

पण डॉक्टर चिवट. हळूहळू त्याने खरी गोष्ट बाहेर काढलीच. अपोमी कुमासीत असताना त्याचा बाप वारला होता. आमच्यात मुखवटे घालून नाचल्याशिवाय मेलेल्याचा जीव घर सोडत नाही. तो नाच थोरला भाऊ अनाई याने धाकट्याची वाट न बघता उरकून टाकला. अपोमी परतला तेव्हा मुखवटे गुहेत परत गेले होते. बापासाठी त्याचं एक पाऊल नाचायचं राहिलं. तेव्हापासून दोघा भावांत शब्द नव्हता.

आता अनाई खोकून खोकून अंथरुणाला खिळला होता. त्याचं घर वरच्या आळीत, चावडीपासून हाकेच्या अंतरावर. आणि हा दीडशहाणा भावाचं दुःख सांगायचा कुणाला? सात समुद्रांपलीकडच्या परक्याला! त्या परक्याला तरी लाज होती का? "बोल, आणखी बोल," म्हणायचा.

एका सकाळी डॉक्टर म्हणाला, "तू माझ्यावर चिडतोस, कारण मी मध्येच उठून गावात फिरायला जातो. तुला वाटतं, मीही तुझी वाट बघत नाही. हा राग माझ्यावरचा नाही, अपोमी. दादावरचा आहे."

खरं सांगतो, मला त्या माणसाचा तिटकारा होता, पण नेम अचूक लागला. अपोमीची पाठ थरथरायला लागली. मला कळत होतं ना, पाठ माझ्याच अंगाला होती. राग कसला! ढसाढसा रडत होता बिचारा.

"चुलत्याने कुमासीला निरोप पाठवले होते," तो म्हणाला. "मीच आलो नाही. नाचाची दारू आंबून नासली असती, दादा तरी किती थांबणार? मी जातो. आत्ता जातो दादाकडे!"

आणि गडी ताडकन उठला. धाडकन डोकं आपटलं.

"बस!" अकुंजो ओरडला. "आपटलं की बसायचं. राग घेऊन आजाऱ्याच्या दारात जातात होय?"

"राग नाहीये, बाबा!"

"सगळे असंच म्हणतात. बस खाली."

अपोमीने डॉक्टरकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत दोघांचं एकदाही जमलं नव्हतं, डॉक्टरचं आणि अकुंजोचं. त्या दिवशी जमलं.

"बाबा बरोबर सांगताहेत," डॉक्टर म्हणाला. "आधी हे नीट समजून घेऊ. घाई कसली? भाऊ कुठे पळून जातोय?"

वडीलधाऱ्याचा शब्द मोडायचा नाही, पाहुण्याचाही नाही. अपोमी बसला. डॉक्टरने विचारलं, बाप कसा होता. अपोमी सांगत गेला. डॉक्टरने विचारलं, लहानपणी पाठीवर कोण घ्यायचं. "दादा," अपोमी म्हणाला.

तेवढ्यात वरच्या आळीत बंदुकीचा बार झाला. मग दुसरा.

"शिकार?" डॉक्टरने विचारलं.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या धाब्यावरून बार काढतात. अकुंजोने मान खाली घातली.

"तुम्ही बोललात ते सगळं बरोबर होतं, डॉक्टर," अपोमी म्हणाला. मग या चावडीतून प्रत्येकाला निघावं लागतं तसा वाकून, हातांवर रांगत बाहेर पडला.

डॉक्टर पुढच्या महिन्यात त्याच्या देशी गेला. अकुंजो गेला, त्याचे गुडघेही गेले. आता वाळवी माझ्या पायाला लागलीय, आणि भावांच्या भांडणांचा निवाडा अपोमी करतो. परवा एकाचं टाळकं आपटलं. बाकीचे "बस, बस" करायला लागले. अपोमी खेकसला, "जाऊ द्या रे त्याला! रस्ता सोडा!"

तुम्हालाही एकच सांगणं आहे. घरच्या माणसाला सांगायचं ते माझ्यापाशी येऊन सांगू नका. मी लाकूड आहे. मला तुमची कीव येत नाही, आणि तुमचा निरोपही माझ्याकडून कुणाला पोचणार नाही. उठा, वाका, आणि चालते व्हा.