सहाव्या पानावरची रेघ

आमच्या नाटे गावच्या वाचनालयात मार्च महिना म्हणजे पुस्तकांची मोजणी. मी इथली ग्रंथपाल. मोजायचं, फाटलेलं चिकटवायचं आणि वाचकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा खोडायच्या. खुणा करणाऱ्यांचा मला मनस्वी राग. पुस्तक काय यांच्या घरचं आहे?

या वर्षी राग येत नव्हता. काहीच येत नव्हतं. सप्टेंबरात माझा धाकटा भाऊ सुजय जहाजावरच वारला. झोपेतच गेला, जहाजावरचे लोक फोनवर म्हणाले. मला रडू आलं नाही. बायका घरी येऊन माझ्या तोंडाकडे बघून गेल्या. बाबा फोन ऐकून परत जाळं विणायला बसले.

सहा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. घरची होडी सोडून सुजय जहाजावर लागला, तेव्हा बाबांनी त्याला घराचा उंबरा बंद केला. सुट्टीवर आला की तो सासुरवाडीला, हेदवीला उतरायचा आणि मला भेटायला वाचनालयात यायचा. दर वेळी एकच पुस्तक न्यायचा, दीपगृहातल्या चोरीचं. लहानपणी, पावसाळ्यात होडी वर ओढलेली असली की बाबा आम्हाला तेच वाचून दाखवायचे.

"अरे, चोर पाठ झाला ना तुला? सतरांदा काय वाचतोस?"

"ताई, चोर कोण ते कळलं की मगच खरी मजा. सहाव्या पानावर रामा तेलवाला 'आत येऊ का?' म्हणत दारात उभा राहतो. रोज दिव्यात तेल घालणारा माणूस आणि हात कसे, तर स्वच्छ. सगळं समोर असतं गो. आपण मिशीवाल्या पाहुण्याकडे बघत बसतो."

त्याने परत केलं की दोन दिवसांत बाबा तेच पुस्तक न्यायचे. म्हातारपणी पोरांची पुस्तकं वाचता, म्हणून मी त्यांना चिडवायचे. दोघांच्या नावावर शिक्के मीच मारत होते.

गेल्या मेपासून ते बाबांकडेच होतं. मोजणीसाठी मी घरून आणलं आणि खोडरबर घेऊन बसले. सहाव्या पानावर 'आत येऊ का?' याखाली पट्टीने मारलेली सरळ रेघ होती. खोडली. पुढे एकाहत्तराव्या पानावर दीपगृहाचा म्हातारा म्हणतो, 'दार उघडंच आहे.' त्याखाली जाड, वाकडी रेघ. अशी जाड पेन्सिल आमच्या घरात एकच, होडीच्या फळ्यांवर खुणा करायची.

माझा हात थांबला. दर मार्चला या पुस्तकातून मी काय काय खोडलं ते आठवायला लागलं. 'पायाचं दुखणं कसं आहे?' याखाली सरळ रेघ. 'वारा पडल्याशिवाय निघू नकोस' याखाली जाड. पोरांचा चावटपणा म्हणून मी ते सगळं घासून साफ केलं होतं.

पुस्तक घेऊन तशीच घरी गेले. बाबा पडवीत जाळ्याला गाठी मारत होते.

"बाबा, ही रेघ कधी मारलीत?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "मे महिन्यातच. पुस्तक परत करायला मीच उशीर केला गो. त्याची सुट्टी संपली. म्हटलं, घाई काय, पुढल्या खेपेला येल तेव्हा वाचील."

हातातली गाठ आवळून म्हणाले, "सहावं पान काढ. त्याची रेघ हाय तिथं."

मी पान काढून त्यांच्यापुढे धरलं. रेघ कुठली असणार? कागदावर नुसता वळ उरला होता.

"मी खोडली, बाबा."

त्यांनी सुतळीने काळं झालेलं बोट त्या ओळीखालून हळूहळू नेलं. मग परत एकदा नेलं.

"हाय," म्हणाले. "लागतेय हाताला."

तेव्हा मला रडू आलं.