चेनमध्ये अडकलेला पदर

पलंगावर तीन ऋतू पसरले होते. पायथ्याशी उन्हाळा, म्हणजे पातळ सुती सदरे. मध्ये पावसाळा, टोपीचा रेनकोट. आणि उशाशी हिमालय: लोकरीचे मोजे, कानटोपी, जिलानी टेलरनं वाकळीसारखे दाट टाके घालून शिवलेलं जाकीट. एवढं सगळं दोन पिशव्यांत मावायला हवं होतं, मोटरसायकलच्या डाव्या-उजव्या अंगाला लटकणाऱ्या.

उमादेवी कपड्यांच्या सुरळ्या करत होत्या. शिरूर अनंतपाळकडच्या खेड्यांत तीस वर्षं नर्सबाई म्हणून गाडीवर फिरल्या, मागच्या महिन्यात रिटायर झाल्या, आणि उद्या अहमदपूरहून लेहला निघणार होत्या. नांदेडला जुनी मैत्रीण अर्शिया आपली गाडी घेऊन थांबणार होती.

"आत्याबाई, जाकीट खाली घालू का?" सून पुनमनं विचारलं.

"हाव, पार तळाला. जे उशिरा लागंल ते खाली. रेनकोट झाकणाखालीच ठेव. पाऊस काय सांगून येतो का?" उमादेवी हसल्या. "तीस वर्सं लसीच्या डोसाच्या पेटीत थंडी कोंडून ठेवली पोरी. आता बाहेर ठेवायची, एवढाच फरक."

पिशव्या भरून, चहा घेऊन दोघी खोलीत परतल्या, तेव्हा दारात राजशेखर उभा होता. त्यांचा थोरला. मोंढ्यात, धान्यबाजारात, त्याचं खत-बियाण्यांचं दुकान.

"माय, पहाटे चारला निघ."

"का रे? वाघ लागलाय का मागं?"

"ऊन लई हाय म्हणून."

"खरं बोल."

खुंटीवरच्या जाड पॅन्टकडे त्यानं पाहिलं, आणि नजर काढून घेतली. "अंधारात, बाहेरच्या रस्त्यानं जा. भर मोंढ्यातून नको. लोक मला काय काय म्हणून राहिलेत, तुला माहीत न्हाई. न्हाईतर पॅन्टीवरून साडी तरी गुंडाळ. गाव सुटलं की काढ."

उमादेवी पिशवीकडे वळल्या. पिशवीचा पट्टा ओढला, तर बक्कल लागेना. मघाशी तर लागत होतं. पुनमनं आत हात घातला. रेनकोटाच्याही वर, घडी मोडू नये इतक्या जपून ठेवलेली, पांढरी साडी निघाली. नोकरीतली.

"राजू, तू ठेवलीस?"

त्यानं मान खाली घातली.

उमादेवींनी साडी उलगडली. पदराला काळा डाग होता, कितीदा धुतला तरी न गेलेला. नऊ वर्षांपूर्वी एका बाळंतिणीसाठी घाईनं जाताना हाच पदर चेनमध्ये गेला होता. त्या पडल्या, खांद्याचं हाड मोडलं, तशाच उठून पुढे गेल्या. पण अर्धा तास उशीर झाला. बाळ रडलं नाही. दुसऱ्या दिवशी गाव म्हणालं, बाईमाणसानं गाडी जपून चालवावी. साडीला कुणी काही म्हणालं नाही.

त्यांनी काठाला दात लावला. टर्रर्र.

"माय!"

टर्रर्र. फाडता फाडता त्या गुणगुणल्या, जात्यावर बसल्यासारख्या:

*पदराची गं दावण, माझ्या चाकाला लागली*
*तोडिली मी बाई, वाट उजेडी मागली*

"ही पट्टी मानेला, नागपूरपर्यंत ओली ठेवायला. ही अर्शियाला. ह्या दोन पायाला गुंडाळायला, बर्फात." शेवटी डागाचा तुकडा हातात उरला. तो त्यांनी थोडा वेळ नुसता धरून ठेवला. "आणि ह्यानं रोज सकाळी चेन पुसणार. जिनं पाडलं तिनंच पुसावं." मग मुलाकडे वळल्या. "नऊला निघते. मोंढ्यातून."

बक्कल खट्‌कन लागलं.

सकाळी नऊला मोंढा गजबजलेला होता. राजशेखरच्या दुकानासमोर मोटरसायकल थांबली. गिऱ्हाइकं वळून बघू लागली: पॅन्ट, बूट, सुती सदरा, डोक्यावर हेल्मेट.

"राजू," हेल्मेटातून आवाज आला, "खताच्या पोत्यातली आतली पन्नी दे दोन. पिशव्यांला पाऊस लागू नये."

ती पन्नी काल घरातही मागता आली असती. राजशेखरला ते कळलं.

"कोण हाय हो ही बाई?" म्हातारे शेषेराव डोळे बारीक करून विचारत होते.

राजशेखर पन्न्या घेऊन गल्ल्यामागे उभा राहिला. तिथूनच एखाद्या पोराच्या हाती पाठवल्या असत्या तरी चाललं असतं. तो पायरी उतरला. रस्त्यावर उकिडवा बसून त्यानं दोन्ही पिशव्या पन्नीत गुंडाळल्या, सुतळीनं आवळल्या, गाठीवर गाठ मारली.

"माय हाय माझी," तो उठता उठता म्हणाला, पलीकडच्या आडतीपर्यंत ऐकू जावं असं. "लेहला चाललीय."

"आन् पॅन्टीत?"

"मंग काय शेषेराव? साडी चेनमधी अडकते."

उमादेवींनी हेल्मेटची काच खाली ओढली, जरा घाईनंच. मग गिअर पडला, आणि गाडी भर उजेडात लोह्याच्या रस्त्याला लागली.