धनुष्य ओढण्यापुरता मुंढा

"काकू, हा कापून टाका. कुर्ती निघते का बघा."

राजनंदिनीने पिशवी उलटी केली आणि माझ्या कटिंगच्या टेबलावर हिरवा झगा पडला. चष्मा नसता तरी मी तो ओळखला असता. नोव्हेंबरमध्ये मीच शिवला होता. पावणेसहा मीटर कापड, पाठीवर पानांची पट्टी, कमरेला रेक्झिनचा पट्टा. तो शिवून झाला तेव्हा मी शेजारच्या इस्त्रीवाल्या श्यामभाऊंना मुद्दाम बोलावून दाखवला होता.

"निघेल की कुर्ती," मी म्हटलं. "पण कापायचा कशाला? उसवलाय का?"

"नाही. मला नकोय आता."

गिऱ्हाईक नुसतं 'नकोय' म्हणालं, की मी कारण कापडाला विचारते. झगा उलटा केला, शिवणींवरून बोट फिरवलं. शिवण जागच्या जागी होती. पण मागच्या बाजूला, कमरेच्या वीतभर खाली, बारीक भोकांची रांग लागली. मोजली तर अकरा.

"या पिना कुणी लावल्या?"

"मीच. आतून, लेगिंगला. म्हणजे वर जात नाही."

"वर कशाला जाईल? केवढा घेर आहे त्याला. वाऱ्यानेसुद्धा उडायचा नाही, बघून शिवलाय मी."

"वाऱ्याने नाही जात, काकू," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या रिळांकडे बघत राहिली.

माझं दुकान कर्वेनगरात एका सोसायटीच्या जिन्याखाली आहे. आठ बाय दहाची जागा, दोन मशिनी, एक आरसा आणि पडदा लावलेला कोपरा. ब्लाउज, फॉल-पिको, चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, हे माझं काम. अकराला चहा, दुपारी रेडिओ, संध्याकाळी सातला शटर. आम्ही यवतमाळहून आलो त्याला चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून मी सुखात आहे, असं म्हटलं तर लोकांना खोटं वाटतं. मला नाही वाटत.

त्या सुखात तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने, सूरजने, भर घातली. तो वाघोलीला एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो आणि उरलेल्या वेळात एका जपानी कार्टून मालिकेचा भक्त आहे. या भक्तांचा शहरात मोठा कंपू आहे. दर दोन महिन्यांनी ते एखादा हॉल घेतात, मालिकेतल्या माणसांसारखे कपडे घालतात, नाटुकली करतात, फोटो काढतात. सूरजने पहिला पोशाख माझ्याकडून शिवून घेतला आणि मग पोरांची रीघ लागली. आयुष्यभर कटोरी ब्लाउज शिवलेल्या बाईला कुणी चिलखत शिवायला सांगितलं तर तिला किती आनंद होतो, ते सांगून कळायचं नाही.

त्या मालिकेत एक वनराणी आहे, धनुष्यवाली. राजनंदिनीला ती व्हायचं होतं. ही अकोल्याची, इथे हॉस्टेलवर राहून शेवटच्या वर्षाला शिकणारी. माझी बोली ऐकून पहिल्याच दिवशी खुलली होती. तिने चित्र दाखवलं तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "हिचे हात वर जातात का?" ती म्हणाली, "जातात म्हणजे काय, सारखी धनुष्यच ओढत असते." मग मी मुंढ्यावर, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या घेरावर, तीन दिवस घालवले. साधा मुंढा कापला तर हात वर केल्यावर अख्खा झगा वर ओढला जातो. म्हणून बगलेत चौकोनी कळ्या घातल्या. हात डोक्यावर न्या, कंबर जागची हलणार नाही. माझ्या उभ्या जन्मातलं ते सगळ्यात चांगलं काम.

आणि त्याच मालिकेत एक ढेरपोट्या बुवा आहे. त्याला तीन हात. तिसरा हात त्याचं ऐकत नाही, बायका दिसल्या की पळत जाऊन त्यांच्या पाठीमागे नको तिथे चिमटा काढतो. मग बाई बुवाला थोबाडीत मारते, बुवा उडून झाडावर जाऊन पडतो आणि सगळे हसतात. प्रत्येक भागात हे एकदा तरी होतंच. सूरज बुवा होतो. तो तिसरा हातही मीच शिवला होता. अंगाच्या रंगाचं कापड, आत कापूस, मधे काठी. शिवताना मलाही हसू आलं होतं, हे कशाला लपवू?

"सूरजने केलं?" मी विचारलं.

राजनंदिनी पटकन म्हणाली, "सूरजदादा फक्त तो खोटा हात लावतो. मुद्दाम जोरात वगैरे नाही. पण त्याचं बघून आता बाकीचे पण करतात. 'बुवाचा प्रसाद' म्हणायचं आणि करायचं. त्यांच्याकडे खोटा हात नसतो."

मी झगा पुन्हा सुलटा केला.

"तुम्हाला सांगणार नव्हते मी. तुमचा मुलगा आहे तो. आणि तुम्ही तर व्हिडिओ स्टेटसला ठेवला होतात."

ठेवला होता. फेब्रुवारीतल्या मेळाव्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. एका चौकटीत माझे दोन पोशाख, वनराणी आणि बुवा. अशी जाहिरात पुन्हा कधी मिळणार? खाली लिहिलं होतं, 'आमच्याकडे सर्व प्रकारचे पोशाख शिवून मिळतील.' निम्म्या सोसायटीने हसरे चेहरे पाठवले होते.

"त्यात तू पण हसतेयस ना गं?" मी विचारलं. विचारलं आणि जीभ चावली.

"हसते की. नाही हसलं तर म्हणतात, हिला जोक कळत नाही, ही फॅनच नाही. गेल्या वर्षी आम्ही सात मुली होतो काकू. दोघी उरल्या. आता मी पण सोडतेय, दुसरीचं तिने बघावं." तिने झग्यावरची सुरकुती सरळ केली. "कुर्तीला बाह्या पाऊण ठेवा."

ती गेल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, तेव्हा पुसायला काही उरलंच नव्हतं. पण फोनमध्ये तो होता. पहिल्या वेळी मी शिवण बघितली होती, पट्ट्याचा कडकपणा बघितला होता. आता हिच्याकडे बघितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिचा डावा हात मागे आहे. कमरेखाली, झगा मुठीत गच्च धरलेला. उजव्या हातात धनुष्य नुसतं लोंबकळतंय. बुवा येतो, हात लावतो, ही दचकते, हसते, आणि मूठ आणखी घट्ट होते. चाळीस सेकंदांत वनराणीने एकदाही धनुष्य ओढलं नाही. एका हाताने ओढणार कशी?

मला फार लाज वाटली. मुलाची वाटली आणि त्याच्याआधी स्वतःची वाटली. तीन दिवस खपून जो मुंढा मी मोकळा कापला, त्यातून हात वर गेलाच नव्हता, आणि ते मला दिसलं नव्हतं. मी कात्री ठेवून दिली. झगा हँगरला लावून पडद्यामागे टांगला.

संध्याकाळी सूरज डबा ठेवायला दुकानातच आला. चांगला आहे हो पोरगा. घरी भांडी घासतो, वडिलांची औषधं आठवणीने आणतो. म्हणून तर जास्त राग आला.

"बस," मी म्हटलं. "हे बघ आणि मला सांग, राणीने धनुष्य किती वेळा ओढलं."

त्याने पाहिलं. "एकदा पण नाही. का?"

"पुन्हा बघ. का ते तूच सांग."

दुसऱ्यांदा बघताना त्याचा चेहरा जरा उतरला. पण पोरगा पुण्यात वाढलेला, लगेच कसा ऐकेल? "आई, ती कॅरेक्टरच तशी आहे. बुवाचा हात त्याच्या कंट्रोलमध्ये नसतो, तोच तर जोक आहे. आणि मालिकेत ती त्याला मारते की. बॅलन्स होतं."

"हिने मारलं तुला कधी?"

"स्टेजवर खोटं खोटं मारते ना."

"आणि बाकीच्यांना? जे खरा हात लावतात त्यांना?"

"ते मी नाही करत."

"तू शिकवलंस."

"अगं, कापसाचा हात आहे तो. तूच शिवलायस."

रागात माझी वऱ्हाडी सुटते. "शिवला मीच, हे मले मालूम हाय. अन् चुकलं माह्यं. पन हात कापसाचा असला तरी त्याले धरते कोन? वाघोलीच्या लॅबमधी एखाद्या पोरीले लावशीन का हा हात? तिथं काहून नाही हसत कोनी?"

तो उठला. "तुला फॅन्डममधलं काही कळत नाही," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. आमचे हे बिचारे दोघांकडे बघून जेवत होते.

एप्रिलच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी सूरजने बुवाचा अंगरखा आणला. तिसऱ्या हाताची दोन बोटं उसवली होती, ती शिवून हवी होती. मी टाके काढायची उसवणी घेतली आणि उरलेली तीनही उसवली. त्याच्यासमोर. कापूस काढून टाचण्यांच्या उशीत भरला, ती तशीही दबली होती. काठी कोपऱ्यात उभी केली. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "अंगरख्याची बटणं तरी लावून देशील का?"

"ती देते."

रविवारी दुपारीच तो परत आला. दुकान बंद होतं, मी घरी मटार सोलत होते. तो समोर बसून सोलायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीच नाही. फ्लॉप. हात नाही म्हटल्यावर मेळावा भरवणारा तो आमोद म्हणाला, मग तू करणार काय? खरंच, करण्यासारखं काही नाहीच गं त्याला. ढेरी घेऊन नुसता उभा होतो."

मी मटार सोलत राहिले.

"तिथे एक नवीन मुलगी होती, तनुजा नावाची. मला विचारलं, आज हात नाही? म्हटलं नाही. तर तिने पाठीवरची सॅक काढून खुर्चीवर ठेवली." त्याने एक शेंग बराच वेळ हातात धरली. "मला वाटायचं, मुली हॉलमध्ये सॅक का काढत नाहीत? आणि एवढ्या खाली का लटकवतात? तीन वर्षं मला हाच प्रश्न पडत होता."

त्या रात्री त्याने कंपूच्या ग्रुपवर लिहिलं, की बुवाचा प्रसाद बंद, मीच सुरू केला होता, चूक होती. कुणी अंगठा दाखवला, कुणी लिहिलं 'आईने रागावलं वाटतं', कुणी त्याला संस्कारी बुवा असं नाव ठेवलं. ते नाव अजून टिकून आहे. आमोदने नवीन बुवा शोधला, आणि त्याला हात शिवून द्याल का म्हणून मला फोन केला. मी म्हटलं, आमच्याकडे सर्व प्रकारचे पोशाख शिवून मिळतात, हात मिळत नाहीत. त्यानंतर कंपूचं काम निम्म्यावर आलं. ब्लाउज आहेतच.

सूरजने राजनंदिनीलाही मेसेज केला होता. लांबलचक, मला वाचून दाखवला. तिने तो वाचल्याच्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दोन दिवस तो फोन बघत होता. मी म्हटलं, "तू सांगायचं ते सांगितलंस. तिने उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही." हे त्याला झोंबलं, पण कळलं असावं.

मेच्या अखेरीस राजनंदिनी आली. हातात पांढऱ्या शर्टाचं कापड, मुलाखतीला जायचं होतं. मी मापं घेतली. टेप गळ्यात टाकताना मनात होतं ते बोलून टाकलं.

"तो व्हिडिओ मी ठेवायला नको होता. मी बघितलंच नव्हतं नीट. चुकलं माझं."

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "कुर्ती झाली का?"

मी पडदा सरकवला. हिरवा झगा होता तसा टांगलेला होता. वाफेची इस्त्री फिरवून भोकं बुजवली होती, दोन मात्र राहिली होती.

"कापला नाही तुम्ही?"

"वेळ झाला नाही," मी म्हटलं. आम्हा दोघींना माहीत होतं की हे खोटं आहे.

तिने बाहीला हात लावून पाहिला. मग झगा घेतला आणि पडदा ओढला. बाहेर श्यामभाऊ कुणाशी तरी भांडत होते, मी रेडिओ बारीक केला.

ती बाहेर येऊन आरशासमोर उभी राहिली. आधी सवयीने डावा हात मागे गेला. आरशात तिला तो दिसला असावा. जिन्याखालच्या त्या जागेत आम्ही दोघीच होतो, आणि मागे फॉलच्या पट्ट्यांचं कपाट. तिने मूठ सोडली. कपाटाला टेकवलेला मीटरचा लाकडी गज उचलला, धनुष्यासारखा उभा धरला आणि दुसऱ्या हाताने नसलेली दोरी कानापर्यंत ओढली. दोन्ही कोपरं खांद्यांच्या वर गेली. झग्याची कंबर जागची हलली नाही.

"मेळाव्याला जाशील?" मी विचारलं.

"माहीत नाही. नाही बहुतेक."

"मुंढा कुठे ओढत नाही ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि हात खाली घेतले नाहीत.