बदक परत येतंय

मित्रांनो, डबा जरा हळू उघडा. आत गुंडाळलेली पन्नास फूट फिल्म म्हणजे मी. बोके विरुद्ध बदकं, असा बेसबॉलचा कार्टून सामना माझ्यात आहे. तीन मिनिटांचा, आणि आवाज अजिबात नाही. जन्म अमेरिकेतला, पण आयुष्य गेलं कतारमध्ये, दोह्यात.

१९७५ साली गुरुप्रसादांनी दिलावरच्या दुकानातून मला घरी आणलं, आपल्या चार वर्षांच्या लेकीसाठी, नयनासाठी. नाशिक सोडताना ही पोर चुरूचुरू बोलत होती. इथे उतरली आणि तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. तिची आई मृणालिनी मुद्दाम मागे जाऊन ताटली वाजवायची. नयना वळून बघायची. म्हणजे कान शाबूत होते. मग बोलत का नाही? या काळजीनं आईला घास गोड लागत नसे.

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, जेवणं झाली की पडदे ओढून, प्रोजेक्टर लावून भिंतीवरच्या चादरीवर मला दाखवायचे. साताऱ्याकडचे ड्रायव्हर बाजीरावही जेवायला असायचे. बेसबॉल त्या घरात कुणाला कळत होता! मी मुकी, म्हणून मृणालिनी क्रिकेटसारखी कॉमेंट्री करायची. "बोक्यानं बॉल टाकला... बदकानं फटकावला!" आणि बदक बॅट टाकून धावत सुटायचं.

"वैनी, बॅट टाकून पळालं की वो! हरलं गडी. खलास!" बाजीराव म्हणायचे.

"आऊट!" मृणालिनी बोट वर करायची.

असे कितीतरी शुक्रवार गेले. एकदा असंच बोट वर झालं, आणि अंधारातून बारीक आवाज आला, "आऊट नाही. परत येतंय ते."

खरंच की! मैदानाला फेरा घालून बदक निघालं होतं तिथेच येत होतं. बेसबॉलमध्ये असा फेरा पूर्ण केला की धाव मिळते. इतके दिवस ही मंडळी जिंकणाऱ्यालाच आऊट देत होती.

"काय म्हणालीस, बाळा?" आईनं वळून विचारलं.

"परत येतंय."

"पोरगी अंपायर निघाली, वैनी!" बाजीराव म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

मग काय, कॉमेंट्री नयनाचीच! मी इतकी फिरले की माझ्या कडेची भोकं फाटली, एक चित्र दिव्याच्या उष्णतेनं जळलं. पुढे घरात व्हिडिओ आला आणि मी माळ्यावर गेले. नयना शाळेत रमली. आई मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. माझं नावही कुणी काढेना.

१९८९ साली ती कॉलेजसाठी पुण्याला निघाली. माळ्यावरून बॅग ओढताना माझा डबा खाली पडला. प्रोजेक्टरचा दिवा केव्हाच गेलेला. नयनानं मला खिडकीच्या उजेडात धरलं आणि शेवटचं ते बदक बरोबर शोधलं.

मृणालिनी तिसऱ्यांदा तिकीट तपासत होती. "पोचलीस की फोन कर. जेवणाचा डबा घेतलास ना? एकटी कशी गं तू..."

नयनानं मला नीट गुंडाळलं, आईच्या हातात दिलं आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "आऊट नाही, आई. परत येतंय."

तेव्हापासून मी माळ्यावर नाही. मृणालिनी दर शुक्रवारी माझा डबा पुसते.

मित्रांनो, माझ्यासारखं मुकं कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याला कडेनं धरा, कोरडं ठेवा. आणि त्याच्याजवळ बसून बोला. चुकीचं बोललात तरी चालेल.