सत्त्याण्णव पॉइंट दोन

माझ्या टोपणाला चीर गेली आहे आणि पाठीवरचा कंपनीचा शिक्का पुसून गेला आहे. त्यामुळे मित्रांनो, मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला सांगता येत नाही. एवढंच आठवतं की आम्ही शेकडो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होतो आणि प्रत्येकजण एकदा 'पीप' करून डब्यात जात होता. मी एक जुना थर्मामीटर आहे.

दिंद्रुडला एका कापडदुकानदाराच्या घरात मी करोनाच्या साथीत आलो. तेव्हा माझा केवढा मान होता! घरच्या शिवकांताबाई मला देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवत. शेजारपाजारचे लोक मला मागून नेत आणि धुऊनपुसून परत करत. साथ ओसरली आणि मी शिलाई मशीनच्या खणात, तुटक्या बटणांमध्ये जाऊन पडलो. मग कोणाला माझी आठवण राहिली नाही.

त्या खणातून मला बाहेर काढलं ते कावेरीनं.

कावेरी ही शिवकांताबाईंची सून. तिचा नवरा सोमेश्वर बीडला क्लासमध्ये गणित शिकवतो. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं येतो आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जातो. लग्नानंतर कावेरीचं बी.एड. पूर्ण व्हावं म्हणून दोघांनी ठरवून मूल लांबवलं होतं. गर्भ राहू नये म्हणून तिनं दर तीन महिन्यांनी सुई घेतली. सोमेश्वर तेव्हा म्हणाला होता, "आईला सांगू नको. उगं डोक्याला ताप होईल." कावेरीनं सांगितलं नाही. बी.एड. झालं, दिवाळीत तिनं शेवटची सुई घेतली, त्या सुईचे तीन महिनेही उलटले. पण सुईनं थांबलेली पाळी काही सुरू होईना.

फाल्गुनात ती मला पर्समध्ये टाकून वडवणीला गेली. दिंद्रुडच्या ओळखीतलं तिथं कोणी भेटणार नव्हतं. दवाखान्यातल्या सुकन्या सिस्टरनी मला हातात घेऊन बघितलं आणि समजावलं, "सुई बंद केल्यावर लई जणींना आठ-दहा महिने लागतेत. घाबरू नको. रोज पहाटे, अंथरुणातून उठायच्या आधी, हा जिभेखाली धर. आकडा लिहून ठेव. बीज सुटलं की आकडा अर्धा डिग्रीनं चढतो अन् चढूनच राहतो. पण ध्यानात ठेव, चढलेला दिसतो तवा मूल राहायचे दिवस होऊन गेलेले असतेत. त्याच्या आधी अंगावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखं पातळ जातं, त्याच्यावर नजर ठेव."

त्या दिवसापासून माझी नोकरी पुन्हा सुरू झाली.

रोज साडेपाचला ती उशीखालून मला काढायची. पलीकडच्या खोलीत शिवकांताबाई विभूती लावून इष्टलिंगाच्या पूजेला बसलेल्या असत. माझा आवाज त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून 'पीप' व्हायच्या वेळेला कावेरी गोधडी तोंडावर ओढून घ्यायची. सत्त्याण्णव पॉइंट दोन. पॉइंट तीन. पुन्हा पॉइंट दोन. बी.एड.च्या वहीच्या मागच्या पानांवर ती हे आकडे लिहायची. चैत्र गेला, वैशाख गेला, आकडा काही हलला नाही. मला फार वाईट वाटायचं. दिवसभर जिच्याशी कामापुरतंच बोललं जायचं, तिचं पहाटेचं तोंडही मी बंद करून ठेवत होतो.

ज्येष्ठात चुलत जावेचं डोहाळजेवण होतं. कावेरी हिरवी साडी नेसून तयार झाली. शिवकांताबाई दाराशी थांबल्या. तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तू घरीच थांब. बायका काहीबाही विचारतेत, मला उत्तर देता येत न्हाई." त्या गेल्या. कावेरीनं साडीची घडी घातली आणि कॉटवर बसून राहिली. तिनं सोमेश्वरला फोन लावला. तो म्हणाला, "क्लास चालू हाय, नंतर बोलतो." त्याचा फोन आला, पण तोवर ती सांगायचं विसरली, किंवा तिनं सांगितलं नाही.

आणि मित्रांनो, श्रावणातल्या एका बुधवारी माझ्या खिडकीत सत्त्याण्णव पॉइंट आठ उमटलं. कावेरीनं मला बंद करून चालू केलं आणि पुन्हा जिभेखाली धरलं. पॉइंट आठच. गुरुवारी पॉइंट नऊ, शुक्रवारी पुन्हा पॉइंट आठ. तिचं शरीर परत आलं होतं. पण ते दिवस होऊन गेले होते आणि सोमेश्वर त्याआधीच्या शनिवारी क्लासमुळे बीडलाच राहिला होता. ती मला मुठीत धरून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. त्या दिवशी गोधडी ओढून घ्यायचं ती विसरली होती.

शिवकांताबाई पूजेवरून उठून दारात आल्या.

"किती दिस झाले ऐकायलेय मी," त्या म्हणाल्या. "रोज पहाटं ताप बघतीस. टीबी-बीबी झालाय का तुला? लपवायलीस कावून?"

"ताप न्हाई, आत्याबाई," कावेरी म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. सुई, बी.एड., वडवणी, हे आकडे. शिवकांताबाई पूजेच्या खोलीत निघून गेल्या. आता मला बहुतेक पुन्हा खणात जावं लागणार, असं मला वाटलं.

शनिवारी सोमेश्वर आला. त्यानं पिशवी खाली ठेवायच्या आत आईनं विचारलं, "सुई तुमी दोघांनी ठरवून घेतलती?"

त्यानं कावेरीकडे बघितलं. ती खाली बघत होती. "हो," तो म्हणाला. "सांगू नको असं मीच म्हणलतो."

"मग चार बायकांत तोंड तिनं एकटीनं लपवायचं का रे? पोरीला मी सणासमारंभातून वगळलं, अन् तू बीडात बसून राहिलास? मला लाज वाटायलीय. तुला वाटती का?"

रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, "पुढच्या महिन्यात ती दिवस सांगल तवा येतो. आठवड्याच्या मधल्या वारीपण."

तो येईल की नाही, मला माहीत नाही. त्या महिन्यात मूल राहिलं नाही. चढल्यापासून तेराव्या दिवशी आकडा उतरला आणि वर्षभरानं पाळी आली. कावेरी खिन्न होती. शिवकांताबाईंनी तिला चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "आली ना? मग वाट मोकळी झाली म्हणायची."

मित्रांनो, माझा सेल आता क्षीण झाला आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला कोरडा पुसून ठेवा, पाडू नका. पण मला खरं सांगायचं आहे ते दुसरंच. मी आकडा सांगतो; तो आकडा एकटीनं वाचायला किती जड असतो, ते मी सहा महिने पाहिलं. तुमच्या घरात कोणी गप्प गप्प काही मोजत असेल, तर त्या माणसाजवळ जाऊन बसा.

आता रोज पहाटे पूजेआधी शिवकांताबाई दारात येऊन उभ्या राहतात. आत येत नाहीत. बाहेरूनच विचारतात, "किती आलं गं?"

मी जिभेखाली असल्यामुळे कावेरीला लगेच बोलता येत नाही. त्या थांबतात.