सात दिवसांचा पास

जयपूर स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर रत्नमालाबाई वानखडे यांनी एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी परदेशी प्रवाशांच्या खिडकीवर गेली. पाठीवर भलं मोठं ओझं घेतलेल्या, पांढऱ्या केसांच्या बायका एकेकट्या येत, पास पुढे सरकवत आणि म्हणत, आज जैसलमेर, पुढचं पुढे. त्यांच्याकडे बघून रत्नमालाबाईंना वाटायचं, आपणही असंच एकटीनं निघावं. त्यांचा स्वतःचा नोकरीतला फुकट प्रवासाचा पास मात्र दरवर्षी अकोल्यालाच जायचा. कधी नणंदेचं लग्न, कधी पुतण्याचं बारसं. नवरा गेला, तरी त्यात बदल झाला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, युरोप बघायचा, तोही रेल्वेनं आणि एकटीनं. सहा महिने जयपुरातल्या दुर्गापुऱ्याच्या घरात बसून त्यांनी युरोपातल्या रेल्वे पासांच्या माहितीचा फडशा पाडला. सलग पंधरा दिवस चालणारा पास वेगळा आणि महिन्याभरात आपल्याला हवे ते सात दिवस निवडून वापरायचा पास वेगळा. कुठे पास असूनही वेगवान गाडीत जागेचे पैसे निराळे मोजावे लागतात, कुठे नुसतं चढून बसायचं. साठीच्या पुढच्यांना सवलत आहे, हेही त्यांनी हुडकून काढलं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असा मार्ग आखला. बावीस दिवसांचा मुक्काम, त्यातले लांबच्या गाडीचे दिवस सातच.

मुलगा संकल्प विमा कंपनीत होता. "मम्मी, व्हिसाचं मी बघतो," म्हणून तो पासपोर्ट घेऊन गेला. आठवड्याने सून प्रियंकाच्या तोंडून निसटलं, की त्याने आईसाठी बसची सहल ठरवून टाकलीय. दहा दिवसांत आठ देश, सोबत पन्नास माणसं, जेवण आपलंच.

"मला न विचारता?" रत्नमालाबाईंनी त्याला जेवणाच्या ताटावरच गाठलं.

"मतलब, तुझ्या सोयीसाठीच ना. या वयात तू एकटी कुठे भटकणार? गुडघा दुखतो तुझा. इंग्रजी धड येत नाही."

"मग इतकी वर्षं त्या लोकांना मी काय वऱ्हाडीत तिकिटं देत होते?"

"पासपोर्ट सहलवाल्या माथुरजींकडे दिलाय. ॲडव्हान्सही दिलाय. आता विषय बंद."

रत्नमालाबाईंनी पोळीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. विषय बंद हे शब्द त्यांनी सासऱ्यांकडून ऐकले होते, नवऱ्याकडून ऐकले होते. पोटच्या पोराकडून ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या रिक्षाने शहरातल्या सी-स्कीम भागात माथुरांच्या ऑफिसात हजर झाल्या.

"माझा पासपोर्ट द्या."

माथुर हसले. "आंटीजी, संकल्पजींशी बोलून देतो ना. ते आज मीटिंगमध्ये आहेत."

"त्यावर नाव कोणाचं आहे?"

"नाव तुमचंच, पण बुकिंग त्यांनी केलंय."

"बुकिंग त्यांचं त्यांना ठेवा. मी इथे बसते."

आणि त्या खरंच बसल्या, टेबलासमोरच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन. माथुरांनी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

तासाभराने एक नवं जोडपं आलं. पॅरिस आणि रोम, बस्स, एवढंच त्यांना बघायचं होतं. माथुरांनी लगेच पंधरा दिवसांचा सलग पास पुढे केला. "पूर्ण युरोप मोकळा. टेन्शनच नको."

रत्नमालाबाईंना राहवेना. "बेटा, गाडीत किती दिवस बसणार तुम्ही?" त्यांनी हिंदीत विचारलं.

मुलीने बोटांवर मोजलं. "एक दिवस. फार तर दोन."

"मग पंधरा दिवसांच्या पासचं काय लोणचं घालणार? सुटी तिकिटं आधीच काढा, स्वस्त पडतील. आणि तिथल्या वेगवान गाड्यांत पास असला तरी जागेचे पैसे वेगळे लागतात. यांनी सांगितलं का?"

जोडप्याने माथुरांकडे पाहिलं. माथुरांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. "विचार करून येतो," म्हणत दोघं उठली.

त्यांच्यामागे दार लागलं, तसं रत्नमालाबाई म्हणाल्या, "मला काही घाई नाही. संध्याकाळपर्यंत आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं येतील ना?"

माथुर उठले, त्यांनी कपाट उघडलं आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला.

संध्याकाळी संकल्प तणतणत घरी आला. "माथुरजींचा फोन होता. शरम वाटली मला!"

"वाटू दे." रत्नमालाबाईंनी मोबाइल त्याच्यासमोर धरला. पास घेतलेला होता, सात दिवसांचा. "पेन्शन माझी, गुडघा माझा. उद्या व्हिसा केंद्रातही मीच जाणार आहे. तुला यायचं असेल तर ये, पण तिथे माझ्या वतीनं बोलायचं नाही."

तो आला नाही. त्या एकट्याच गेल्या, बोटांचे ठसे देऊन, अडखळत का होईना, सगळी उत्तरं स्वतः देऊन आल्या. अठरा दिवसांनी व्हिसा हातात पडला. संकल्पचा बसचा ॲडव्हान्स मात्र अर्धाच परत मिळाला. त्याबद्दल त्याने महिनाभर कुरकुर केली आणि रत्नमालाबाईंनी ती ऐकून घेतली.

सप्टेंबरात जयपूरच्या सांगानेर विमानतळावर बॅग मात्र त्यानेच उचलली. दाराशी येऊन म्हणाला, "मला अजूनही पटलेलं नाही, मम्मी."

"नसू दे पटलेलं," त्या म्हणाल्या. "बॅगेचा पट्टा तेवढा आवळून दे. ढिला झालाय."

त्याने वाकून पट्टा आवळला. रत्नमालाबाईंनी बॅग खांद्याला लावली, त्याच्या गालावरून एकदा हात फिरवला आणि पासपोर्ट हातात धरून आत गेल्या.