पठारावरचा लेझर

स्किर्मान्तेच्या उजव्या हाताला एक चाळा होता. संशोधन संस्थेत एक तपभर ती रोज सकाळी कॉफीच्या आधी लेझरचं झाकण उघडायची, आरशांचे दोन स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करायची आणि रात्रीत मरगळलेला प्रकाश पुन्हा तरतरीत व्हायचा. याला ती प्रयोगाची तयारी म्हणायची. लेझर रोज बिघडतो असं कुणी म्हणत नसे. शास्त्रात तसं म्हणायची पद्धत नाही.

मग सरकारी खर्चानं ‘अनुभवी संशोधकांचं उद्योग-प्रशिक्षण’ निघालं. अनुभवी संशोधक म्हणजे ज्याचं कंत्राट संपत आलं आहे असा संशोधक. ही व्याख्या नियमावलीत नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. स्किर्मान्तेची रवानगी विल्निअस शहराच्या कडेला, पाइनच्या झाडीत असलेल्या लेझर कारखान्यात झाली. तिला शिकवायला नेमली होती गिंताउते. ही तिचीच जुनी विद्यार्थिनी. हिच्या प्रबंधाचा पहिला मसुदा स्किर्मान्तेनं इतका लाल करून परत दिला होता की पोरीनं प्रबंध सोडून नोकरीच धरली.

“या मॅडम,” गिंताउते म्हणाली. “इथे लाल शाई नाही. इथे ओव्हन आहे.”

परीक्षा सोपी होती, संधी तीन. एक लेझर एकटीनं जुळवायचा, आरसे गोंदानं कायमचे चिकटवायचे आणि झाकण बंद करायचं. मग तो ओव्हनमध्ये तापवणार, बर्फागत गार करणार, ट्रकमध्ये हादरावा तसा हादरवणार. त्यानंतर फक्त बटण दाबायचं. दहा वॅट निघाले तर पक्की नोकरी. नाही निघाले तर संस्थेत परत जायची सोय नव्हती. तिथलं तिचं टेबल एका तरुणाला दिलं होतं आणि त्यानं त्यावर कुंडीसुद्धा ठेवली होती.

पहिल्या लेझरनं तेरा वॅट दिले. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून बघायला आली. स्किर्मान्तेनं आरसे चिकटवले. ओव्हनमधून बाहेर आल्यावर बटण दाबलं, तर अंधार.

“आकडा मात्र झकास होता, मॅडम. गिऱ्हाइकाला काय पाठवायचं, आकडा की लेझर?”

दुसऱ्या वेळी गोंद वाळताना आकसला, आरसा हलला आणि तेराचे अकरा झाले. अकरा चालले असते. पण सगळे जेवणाच्या खोलीत बीटाचं गुलाबी थंड सूप आणि उकडलेले बटाटे खात असताना स्किर्मान्तेनं गोंद खरवडला आणि आरसा केसभर फिरवला. पुन्हा तेरा! हादऱ्यांच्या चाचणीत आरसा सुटून आत खुळखुळायला लागला.

“हात लावलात?” गिंताउतेनं विचारलं.

“थोडासा.”

“थोडासा म्हणे! मी वाळल्यावर हात लावला असता तर तुम्ही मला खिडकीतून बाहेर फेकलं असतं.”

उत्पादनाचा प्रमुख वाइदोतास मागे येऊन उभा होता. तोही भौतिकशास्त्रातला डॉक्टर, पण कुणाला सांगत नसे. “डॉक्टरबाई,” तो म्हणाला, “हा जाणार डोळ्यांच्या दवाखान्यात. रोज सकाळी याला गोंजारायला तुम्ही तिथे जाणार का? ज्याला रोज आई लागते ते तान्हं पोर. आम्ही पोरं विकत नाही. शुक्रवारी शेवटची संधी.”

स्किर्मान्तेला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं फार छान चालायचं. पुढचे काही दिवस तिनं लेझर जुळवलाच नाही. आरसा मुद्दाम चुकवत नेला आणि प्रत्येक चुकीला प्रकाश किती घटतो ते मोजत बसली. तेरा वॅटचं शिखर सुईसारखं होतं. पाऊल जरा सरकलं की कडेलोट. मग तिनं आतलं भिंग दोन मिलिमीटर मागे सारलं. शिखर बसकं झालं, साडेदहावर आलं, पण माथा सपाट झाला. आता आरसा डावीकडे ढकला, उजवीकडे ढकला, प्रकाश ढिम्म.

गिंताउतेनं आकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. “साडेदहावर चिकटवताय? मॅडम, जरा घसरला की गेलात! निदान बारावर तरी न्या.”

“बारावर कडा आहे.”

“आणि इथे?”

“इथे पठार. घसरून जाणार कुठे?”

“तुम्ही! कमी आकड्यावर थांबताय!”

“गोंद दे,” स्किर्मान्ते म्हणाली. “आणि झाकण तू लाव. माझा हात मला माहीत आहे.” तिनं दोन्ही हात पांढऱ्या अंगरख्याच्या खिशात घातले आणि गिंताउतेनं शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

शुक्रवारी लेझर भाजून, गोठून, हिंदकळून टेबलावर आला. वाइदोतासनं बटण दाबलं. आकडा हलला, चढला आणि दहा पूर्णांक चार दशांशांवर उभा राहिला. सगळे आकड्याकडे बघत राहिले. तो मात्र कुणाकडेच न बघता तिथेच राहिला.

“हा आणखी किती चढला असता?” वाइदोतासनं विचारलं.

“तेरापर्यंत,” स्किर्मान्ते म्हणाली.

“मग?”

“मग उतरला असता.”

वाइदोतासनं मान डोलावली आणि मांडणीवरचा पुढच्या लेझरचा रिकामा डबा काढून तिच्यापुढे ठेवला.